जमीरभाईंचा हात

आमच्या गल्लीत कूलरला कोणी सरळ हात लावत नाही. पाणी भरायचं असो की जाळी काढायची असो, आधी उलट्या हातानं, म्हणजे हाताच्या पाठीनं, पत्र्याला हलकेच शिवून बघायचं. झटका नाही बसला तरच पुढचं काम. बाहेरगावाहून आलेल्या सुनांना हे आधी वेड्यासारखं वाटतं, आणि पहिला उन्हाळा संपायच्या आत त्याही तसंच करायला लागतात. माझी नात तर फ्रिज उघडायच्या आधीही उलटा हात लावते. आईस्क्रीम चोरायचं असलं तरी आधी हा विधी होतोच.

हे सगळं जमीरभाईंनी लावलेलं वळण. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे, आणि दुकानाच्या मागेच घर. एका उन्हाळ्यात शेजारची एक बाई कूलरला चिकटली होती. जमीरभाईंनी धावत येऊन मेन स्विच पाडला, तिला सोडवलं, आणि मग जमलेल्या सगळ्यांना जी शिकवणी घेतली ती आजही मला पाठ आहे. तळहातानं धरलं आणि करंट निघाला, तर बोटं आवळतात आणि माणूस चिकटून राहतो. हाताच्या पाठीला लागला, तर हात आपोआप दूर फेकला जातो. शेवटी ते म्हणाले होते, "हात कोणाले विचारत नाही, बाई. तो आपलंच करते."

मी त्या वेळी सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. नाव कोकिळा, पण आवाज आणि जीभ दोन्ही त्या पाखराला शोभणारी नाहीत, असं जमीरभाई तोंडावर म्हणायचे. मीही गप्प बसणाऱ्यातली नाही. त्यांच्या अंगाला वार्निशचा वास यायचा, म्हणून त्यांच्या बायकोला, रौशनभाभींना, तुम्ही इतकी वर्षं याला सहन कसं केलंत, असं मी त्यांच्यादेखत विचारायची. जयंतीच्या मिरवणुकीला जनरेटर त्यांचाच लागायचा, आणि तो दर वर्षी नेमका चौकात बंद पडायचा. मग भर मिरवणुकीत आमचं भांडण. घरात ते लोक हिंदी बोलतात, पण माझ्याशी सगळे माझ्याच बोलीत बोलत, आणि भांडायला तर ती बोली त्यांना फारच आवडायची.

माणूस मोठा हट्टी. मोटारीच्या अंगाला स्क्रू ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. मग बेअरिंग गेलं की कॉइल जळली, ते सांगायचे. कधी चुकायचेही. चुकले की मोटारीलाच शिव्या द्यायचे. टेबलावर कायम एक बल्ब लटकलेला असायचा, त्याला दोन वायरी. कॉइलच्या एका टोकाला एक वायर लावायची, दुसऱ्या टोकाला दुसरी. बल्ब पेटला तर आत तार सलग आहे, नाही पेटला तर कुठंतरी तुटली. त्या बल्बवर त्यांचा जेवढा विश्वास होता तेवढा कुठल्या डॉक्टरवर नव्हता.

एकुलता एक मुलगा, रिजवान. बापासारखाच बुटका, पण बापापेक्षा कितीतरी हसरा. वायंडिंग शिकला आणि विहिरीत उतरून मोटारी काढायचं कामही त्यानंच घेतलं, कारण जमीरभाईंचे गुडघे आता कुरकुरायला लागले होते. दिग्रसला त्याचं लग्न ठरलं होतं. येताजाता मी त्याला चिडवायची की बायकोला तरी सरळ हात लावशील की उलटा. तो लाजून मोटारीत तोंड घालायचा.

आता विहिरीचं सांगते. सांगायला मला आवडत नाही, पण त्याशिवाय जमीरभाई कळायचे नाहीत.

थंडी नुकतीच सरत होती. रामसिंग राठोड म्हणजे तांड्यावरचा शेतकरी, जमीरभाईंचा जुना दोस्त. त्याच्या विहिरीत मोटार गाळात रुतली होती. त्यांनी काठावर डिझेल इंजिन लावून पाणी उपसलं. तळ उघडा पडला, नुसता खडक आणि मध्ये गाळाचा खड्डा. रिजवान कमरेला दोर बांधून उतरला, मोटार मोकळी केली, ती वर पाठवली, आणि मग त्याला वर घ्यायचं होतं. विहिरीच्या पायऱ्या अर्ध्यातच संपल्या होत्या, म्हणून दोरानंच घ्यायचं. दोर कप्पीवरून आला होता. पुढे जमीरभाई, मागे रामसिंग, दोघं ओढत होते. रिजवानचं डोकं काठाशी दिसायला लागलं होतं. तो काहीतरी बोलून हसतही होता.

जमीरभाईंनी जोर लावायला एक पाऊल मागे टाकलं, आणि त्यांचं उजवं उघडं कोपर इंजिनच्या सायलेन्सरला टेकलं. इंजिन तेव्हाच बंद केलेलं, सायलेन्सर कडक तापलेला. त्यांचे दोन्ही हात दोरावरून उडाले. सगळा भार एकट्या रामसिंगवर आला. तो गुडघ्यांवर पडला, फरफटत काठापर्यंत गेला, पण त्यानं दोर सोडला नाही. दोरच त्याच्या तळव्यांची कातडी घेऊन सरसरत गेला. त्यामुळे रिजवानचा जीव वाचला. पण तो पाठीवर पडला, खडकावर.

नागपूरला नेलं. मीही बरोबर होते. तिथल्या डॉक्टरनं जमीरभाईंना खुर्चीवर बसवून, पाणी देऊन, स्पष्ट सांगितलं की पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू छातीच्या खालच्या बाजूला तुटला आहे आणि पाय परत येणार नाहीत. जमीरभाईंनी ऐकून घेतलं. त्यांच्या कोपरावर तेव्हा भाजल्याचा मोठा फोड होता, आणि त्याला औषध लावू द्यायलाही ते तयार नव्हते. मीच शेवटी रागावून लावलं.

घरी आणलं तेव्हा रिजवानचे पाय लुळे पडलेले. उचलून ठेवले तसे राहायचे. मी रौशनभाभींना सगळं शिकवलं. कूस कशी बदलायची, लघवीची नळी कशी सांभाळायची, जखमा होऊ नयेत म्हणून टाचा रोज कशा बघायच्या. त्या बिचाऱ्या शिकल्या. दिग्रसवाल्यांचे फोन आधी रोज यायचे, मग कधीतरी, मग यायचे थांबले. रिजवाननं एकदाही विचारलं नाही की का थांबले. त्याच्या हसऱ्या तोंडाकडे बघवत नव्हतं, कारण तो अजूनही हसत होता.

आणि मग होळीनंतर एका सकाळी जमीरभाई अनवाणी धावत माझ्या दारात आले. चष्मा कपाळावर, हात वार्निशनं माखलेले. म्हणाले, "सिस्टर, लाइन आली."

झालं होतं असं की रौशनभाभी त्याच्या तळव्याला तेल चोळत होत्या, आणि पाय एकदम वर उडाला. गुडघ्यातून दुमडून, अंगठा ताठ करून. भाभींच्या हातातली वाटी सांडली. मी गेले, बघितलं. पुन्हा तळव्याला बोट ओढलं, पुन्हा पाय उडाला. जमीरभाई माझ्या तोंडाकडे बघत होते. मला ते काय आहे ते माहीत होतं. अशा माणसांचे पाय आधी काही आठवडे लुळे असतात, मग असे उडायला लागतात. दवाखान्यात ते बघून आनंदलेली कितीतरी घरं मी बघितली आहेत. मी तिथंच सांगितलं की असं होत असतं, यावर आशा बांधू नका. ते हसले. म्हणाले, तुम्ही सरकारी माणसं, तुम्हाला कशाचंच कौतुक नाही. संध्याकाळी त्यांनी मशिदीत शिरनी, म्हणजे आनंदाची मिठाई, वाटली, आणि माझ्या वाट्याची घरी आणून दिली.

त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला एक तपासणी सुरू झाली. जमीरभाई दुकानातून हात पुसत आत यायचे, खिशातला टेस्टर काढायचे आणि त्याच्या मुठीनं रिजवानच्या तळव्यावर रेघ ओढायचे. पाय उडायचा. मग ते विचारायचे, हलवला ना तू? आणि रिजवान म्हणायचा, हो अब्बा, हलवला. मग जमीरभाई शेजाऱ्यांना सांगायचे की बल्ब लागतो आहे, म्हणजे तार सलग आहे, डॉक्टरला काय कळतं. त्यांच्या टेबलावरच्या बल्बनं त्यांना आयुष्यभर जे सांगितलं होतं तेच ते पोराच्या पायात वाचत होते. दुसऱ्या कोणाची चूक झाली असती तर वेगळी झाली असती. वायंडिंगवाल्याची चूक हीच होणार होती.

मला खटकलं ते रिजवानचं "हलवला". पाय उडतो ते ठीक, पण हा हलवला का म्हणतो? एक दिवस जमीरभाई नमाजला गेलेले असताना मी त्याला डोळे मिटायला सांगितले. डाव्या तळव्यावर बोट ओढलं, डावा पाय उडाला. मी विचारलं, कोणता हलवलास? तो थांबला आणि अंदाजानं म्हणाला, उजवा. मग त्यानं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि विहिरीनंतर पहिल्यांदाच त्याच्या तोंडावरचं ते हसू गेलं.

त्यानं मला जे सांगितलं ते ऐकून मी घरी येऊन रडले. ज्या खाटेवर तो पडून असतो तिच्या भिंतीपलीकडेच दुकान. घरी आल्यापासून रोज दुपारी त्याला पलीकडून आवाज यायचा, लोखंडावर काहीतरी आपटल्याचा. आधी त्याला वाटलं अब्बा बेअरिंग ठोकत आहेत. मग रौशनभाभींनी बघितलं. जमीरभाई आपला उजवा हात टेबलाला बसवलेल्या, मोटार आवळून धरायच्या शिकंज्याच्या लोखंडावर आपटत होते. एकटेच, तोंडातून आवाज न काढता. त्यांनी कोणाशी हात मिळवणंही सोडलं होतं. कोणी हात पुढे केला तर नुसती मान हलवायचे.

"पाय उडाला त्या दिवशी आवाज आला नाही, मावशी," रिजवान म्हणाला. "मी हो म्हणतो त्या दिवशी येत नाही. मंग मी रोज हो म्हणतो."

मी कोणाला काही सांगितलं नाही. पोराच्या त्या खोट्यावर एक म्हातारा हात शाबूत राहत असेल, तर राहू द्यावा, असं मला खरंच वाटलं. पण हट्टी माणूस एका जागी थांबत नाही.

जमीरभाईंनी अंगणात लोखंडी अँगल गाडले. दोन समांतर दांडे, कमरेच्या उंचीचे, स्वतः वेल्डिंग करून, वरून रंगही दिलेला. शुक्रवारच्या नमाजनंतर रिजवानला उभं करायचं, असं त्यांनी ठरवलं. रामसिंगला बोलावलं. दांड्यांना पोरगा हातानं धरेल, आपण दोघं काखेत धरू, आणि मग हळूच सोडून देऊ, पाय आपले आपण पेलतील. रौशनभाभी धावत मला सांगायला आल्या. त्या एवढंच म्हणाल्या की सिस्टर, तुम्हीच या, मला भीती वाटते.

मी गेले तेव्हा खाट अंगणात आणलेली होती. रिजवानला नवी पँट घातलेली. रामसिंग त्याच्या उशाशी उभा होता, त्याचे तळवे अजून गुलाबी आणि ताणलेले, मुठी पुऱ्या मिटत नव्हत्या. जमीरभाईंनी पांढरा शर्ट घातला होता, अत्तर लावलं होतं. इतके खुशीत मी त्यांना कोणाच्या लग्नातसुद्धा बघितलं नसेल.

मी सरळ दांड्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. सांगितलं की हा उभा राहणार नाही. सोडलंत आणि पायाला झटका आला तर गुडघ्यातून दुमडून पडेल, मांडीचं हाड मोडेल, आणि मोडलेलं त्याला कळणारही नाही. जमीरभाई चिडले. मला म्हणाले, जिंदगीभर तारा जोडल्या, तुटलेल्या तारेवर बल्ब लागत नाही एवढं मला समजतं.

मग मी त्यांना बसवलं. खाटेच्या काठावर, पोराच्या पायाशी. आणि जसं नव्या पोरींना वॉर्डात शिकवायची तसं शिकवलं.

"तळव्याले टेस्टर लागला का खबर वर जाते. पण डोक्यापर्यंत नाही जा लागत. पाठीच्या कण्यात जो रज्जू हाय ना, त्याच्या खालच्या टोकालेच ती खबर पोचते, अन् तिथूनच हुकूम परत येते, पाय वढ म्हणून. गावात कडब्याच्या गंजीले आग लागली तं तालुक्याले विचारत बसते का कोणी? बादल्या घेऊन पळते. तालुक्याले मागून कळते. तसं हाय हे. याचा तालुक्याचा रस्ता तुटला, जमीरभाई. खालचं गाव जितं हाय, ते आग विझवते. पण वर खबर जात नाही, अन् वरचा हुकूम खाली येत नाही."

ते ऐकत होते. माणूस हट्टी होता, पण तार कुठून कुठं जाते हे सांगितलं की त्यांना ऐकल्याशिवाय राहवत नसे. त्यांनी विचारलं, हे असं फक्त रिजवानमध्येच आहे का. मी म्हणाले, सगळ्यांत आहे. माझ्यात, तुमच्यात. चटका बसला की हात आधी मागे येतो आणि दुखणं नंतर कळतं. तुम्हीच तर गल्लीला शिकवलं की हात कोणाला विचारत नाही. करंटचं थोडं वेगळं असतं, तो सरळ स्नायूच आवळतो, पण विचारत नाही हे मात्र खरं.

मला वाटलं, आता सांगावं. मला खरंच वाटलं की मी त्यांना काहीतरी देते आहे. मी म्हणाले, त्या दिवशी विहिरीवरही तुमच्या हातानं तुम्हाला विचारलं नव्हतं. कोपराला चटका बसला आणि हात उडाले. डोक्यात खबर पोचायच्या आधी. तुम्ही दोर सोडला नाही, जमीरभाई.

जमीरभाई आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी रामसिंगकडे बोट केलं आणि विचारलं, याचा का नाही सुटला, याची तर कातडी गेली. मी सांगितलं की रामसिंगला समोर दिसत होतं. दोर निसटणार, तळवे जळणार, हे माहीत असलं की डोकं आधीच बजावून ठेवतं की काही झालं तरी सोडू नको, आणि हात ऐकतो. तुम्हाला मागून बसला, काही कळायच्या आत. रामसिंग मान खाली घालून उभा होता. त्यानं एवढंच म्हटलं की माझ्या कोपराला लागला असता तर माझाही सुटला असता.

जमीरभाईंना पटलं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पुरतं पटलं होतं, आणि ते पटल्यावर पुढची तार कुठं जाते तेही त्यांनी बघितलं होतं. मी ते बघितलं नव्हतं.

"नाही, सिस्टर," ते म्हणाले. "हात माहा होता. मीच सोडला. माह्या हातानं दोर मीच सोडला असन, तं त्याचा पाय बी तोच हलवते. दोन्ही एकच गोष्ट हाय ना? मंग मले गुन्हेगार राहू द्या. मले चालते."

इतकी वर्षं मी दवाखान्यात माणसं मरताना बघितली, पण असा सौदा कोणी माझ्यासमोर मांडला नव्हता. ते उठले आणि त्यांनी रिजवानच्या काखेत हात घातला. रामसिंगला म्हणाले, धर.

रामसिंग हलला नाही. रिजवाननं बापाचं मनगट धरलं आणि त्याला परत खाली बसवलं. तो रोजच्यासारखं हसला नाही.

"अब्बा, मी खोटं बोललो. पाय मी नाही हलवत. तुम्ही तळव्याले लावता ते मले समजतच नाही, तुमच्या तोंडाकडे पाहून मी सांगतो. तो आपलाच उडते. तुमचा हात उडाला तसाच." मग तो म्हणाला, "तुम्ही नाही सोडलं मले."

रौशनभाभींनी पदर तोंडात धरला. जमीरभाईंनी पोराकडे बघितलं, मग त्याच्या पायांकडे, नव्या पँटकडे. त्यांनी खिशातून टेस्टर काढला. मला वाटलं ते पुन्हा एकदा रेघ ओढतील. पण त्यांनी तो नुसता हातात धरला, थोडा वेळ उलटासुलटा केला, आणि दुकानात जाऊन ठेवून आले. त्या दिवशी त्यांनी हात आपटला नाही. खाट रामसिंगनं आणि मी आत नेली.

त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी समोरून गेले की मोटारीला कान लावायचे, मोटार बंद असली तरी. मला राग आला नाही. मला त्यांच्याकडून रोज भांडण हवं होतं आणि ते मिळत नव्हतं, एवढंच दुःख होतं. दिवेलागणीची तपासणी बंद झाली. अंगणातले दांडे कोणी काढले नाहीत, त्यावर रौशनभाभी आता कपडे वाळत घालतात. चाकाची खुर्ची आली. रिजवान दुकानात बसायला लागला, मांडीवर फळी ठेवून कॉइल भरायला लागला. हात त्याचे आधीपासूनच चांगले होते. गिऱ्हाइकं यायची, त्याच्या पायाकडे बघायची नाहीत, आणि मोटार ठेवून जायची. जमीरभाई मात्र हसायचे नाहीत आणि रडायचेही नाहीत. विहिरीवरच्या त्या दिवसापासून ते एकदाही रडले नव्हते, असं भाभी सांगायच्या, आणि त्याचीच त्यांना जास्त काळजी वाटायची.

यंदा वैशाखात माझ्या कूलरची मोटार जळाली. दुसऱ्या दुकानात नेणं मला पटेना. भर दुपारी पिशवीत घालून घेऊन गेले आणि काही न बोलता टेबलावर ठेवली. जमीरभाईंनी मान वर केली नाही, पण मोटार ओढून घेतली, उघडली, आणि बसा म्हणाले. तेवढ्यानंही मला बरं वाटलं. रिजवान त्यांच्या समोर खुर्चीत बसून मोटारीत तारांखाली घालायचा कागद कापत होता. जमीरभाई तारांचे सांधे डाग देऊन जोडत होते. बोलता बोलता, म्हणजे मी बोलत होते आणि ते हुं हुं करत होते, त्यांनी पलीकडची कात्री घ्यायला हात टाकला आणि त्यांचं मनगट तापलेल्या सोल्डरिंग आयर्नला टेकलं.

हात झटकन मागे आला. तारांचं भेंडोळं खाली पडलं. मग, किंचित उशिरानं, त्यांच्या तोंडावर कळ उमटली.

ते तसेच बसून राहिले, उजवा हात समोर धरून. त्यावर लाल रेघ उठत होती. त्यांनी तो हात उलटा करून बघितला, पुन्हा सरळ केला.

"लागलं का, अब्बा?" रिजवाननं विचारलं.

"लागलं," ते म्हणाले. "पण मागून लागलं. हात पहिले आला."

एवढं बोलले आणि त्यांचा चेहरा फुटला. मी पुरुषाला असं रडताना बघितलेलं नाही. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं, बाहेर ऊन रखरखत होतं, आणि ते टेबलावर डोकं ठेवून, दम लागेपर्यंत रडत होते. मला कळत होतं की ते कशासाठी रडत आहेत. त्या एका झटक्यानं त्यांना गुन्ह्यातून सोडवलं होतं, आणि त्याच झटक्यानं पोराचे पाय परत येतील ही आशाही कायमची नेली होती. माझेही डोळे वाहत होते.

रिजवान खुर्ची पुढे ढकलत त्यांच्या जवळ आला. पुढे येताना त्याच्या पायाला टेबलाची कड लागली, आणि पाय उडायला लागला, थडथड, थांबेचना. जमीरभाईंनी डोकं वर न करता तो भाजलेला हात खाली नेला आणि पोराच्या गुडघ्यावर ठेवला. घट्ट, सरळ हातानं. हळूहळू पाय शांत झाला. हात तिथंच राहिला.

रिजवान बापाच्या पाठीवरून हात फिरवत होता आणि त्याच्या डोक्याकडे बघत होता. आपल्या गुडघ्यावर बापाचा हात आहे, हे त्याला कळलं नाही.